कुलमुखत्यार

छत्तीस वर्षे महसूल खात्यात काढून अव्वल कारकून या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झालेल्या मनुष्याच्या अंगी दोन सवयी अशा मुरलेल्या असतात की, निवृत्तिवेतनाप्रमाणे त्या मरेपर्यंत त्याची सोबत सोडीत नाहीत: एक, कोणताही कागद दोनदा वाचल्याखेरीज त्यावर सही करायची नाही, आणि दुसरी, सुटलेल्या हुकमाची पोच हाती आल्याखेरीज तो हुकूम बजावला गेला असे धरून चालायचे नाही. यांपैकी पहिली सवय गेल्या दिवाळीच्या सुमारास तपकीर गल्लीतील एका दुकानाच्या पायरीवर मी क्षणभर विसरलो. आणि दुसरीचे महत्त्व, जे इतक्या वर्षांत एकाही मामलेदाराने मला तेवढ्या स्पष्टपणे समजावून दिले नव्हते, ते साडेतीनशे रुपये किमतीच्या एका काळ्या कांडीने मला पुढच्या दोन महिन्यांत पुरेपूर समजावून दिले.

त्या वेळी आमच्या कोथरूडच्या बिऱ्हाडी दिवाणखान्यात पाच रिमोट नांदत होते. आमचे चिरंजीव बंगळूरला असतात आणि वर्षातून दोनदा येतात; येताना ते एखादे नवे यंत्र घेऊन येतात आणि जाताना ते चालविण्याची विद्या तेवढी बरोबर घेऊन जातात. अशा रीतीने पहिल्यांदा मोठा टीव्ही आला, त्याचा आवाज बारीक ठरला म्हणून त्याच्या पायाशी लांबलचक साउंडबार आला, आणि शेवटी टीव्हीच्या पाठीत खुपसून ठेवण्याची एक काडी आली, जिच्यातून सौभाग्यवतींच्या मालिका येतात. सेट टॉप बॉक्स, ज्याला आमच्याकडे नुसता 'डबा' म्हणतात, तो पुण्यावर सक्ती झाली तेव्हापासून, म्हणजे २०१३ पासून, होताच. आणि आईच्या कीर्तनाच्या तबकड्यांसाठी जपून ठेवलेला डीव्हीडी प्लेअर तर त्याच्याही आधीचा. प्रत्येकाबरोबर एकेक रिमोट आला. प्रत्येकाला आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे प्लॅस्टिकची कुंची चढली आणि कुंचीच्या तोंडाला रबर बसले. आणि पाचही जण, सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून बडतर्फ केलेल्या चमच्यांच्या स्टँडमध्ये, एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले.

या पाचांच्या अधिकारक्षेत्रांची वाटणी कोणत्या दूरदर्शी पुरुषाने केली असेल ती असो. पण तिच्यापुढे आमच्या तालुक्यातील सामाईक विहिरीवरच्या पाळ्यांचा तंटा म्हणजे पोरखेळ वाटावा. चित्र टीव्हीच्या रिमोटने लागे, पण चित्रातील माणूस बदलावयाचा तर डब्याचा रिमोट लागे. तो माणूस काय बोलतो हे ऐकावयाचे तर साउंडबारचा लागे. आणि बातम्यांवरून मालिकेवर जावयाचे तर पुन्हा टीव्हीचा रिमोट उचलून 'सोर्स' नावाची कळ दाबून, एचडीएमआय एक की दोन या प्रश्नाचा निकाल आयत्या वेळी लावावा लागे. संध्येतही इतकी आचमने नाहीत. सौभाग्यवतींनी हा विधी पाठ केला होता आणि मी तो वहीत उतरवून ठेवला होता. प्रश्न होता तो आईचा.

आईने नव्वदी ओलांडली आहे. तिला संध्याकाळी सह्याद्री वाहिनीवरच्या बातम्या लागतात, आणि त्या लावून देण्यासाठी कुणाला हाक मारणे तिला कमीपणाचे वाटते. एके दिवशी तिने चुकून साउंडबारच्या रिमोटवरची कुठलीशी कळ दाबली आणि आवाज बंद पडला. तिने त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. दुसऱ्या दिवशीही बातम्या मुक्यानेच झाल्या, तिसऱ्या दिवशीही झाल्या, आम्ही संध्याकाळी फिरावयास जातो, त्यामुळे आम्हांला पत्ता नव्हता, आणि चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना, इतर कशाविषयी बोलावे तितक्या सहज स्वरात ती मला म्हणाली, "बाळ, सवड झाली की मला त्या कानाच्या डॉक्टरांकडे एकदा घेऊन चल. माझं ऐकणं संपलं बहुतेक." चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज तिला ऐकू आला होता, माझा प्रश्नही ऐकू आला होता, पण यंत्र चूक असेल अशी शंका मात्र तिला चार दिवसांत शिवली नव्हती.

चिरंजीवांना फोन लावला. ते म्हणाले, "बाबा, युनिव्हर्सल रिमोट घ्या ना एक. पाचाचं काम एकात होतं." युनिव्हर्सल या शब्दाला वैश्विक म्हणावे तर ते वेदान्तात जाऊन बसते, सार्वभौम म्हणावे तर राज्यशास्त्रात; पण आमच्या खात्यात मोठा नेमका शब्द आहे. स्थावर, जंगम, कोर्टकचेरी, देणे-घेणे अशा साऱ्या बाबतींत मालकाच्या वतीने वहिवाट करण्याचा अखत्यार ज्याला लेखी दिलेला असतो, त्याला कुलमुखत्यार म्हणतात. असा एक कुलमुखत्यार नेमावा आणि या पाच वतनदारांचा जाच एकदाचा मिटवावा, असा ठराव चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर आमच्या घरी एकमताने संमत झाला.

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत आता तपकीर औषधालाही मिळणार नाही; तिथे मिळतात वायरी, दिव्यांच्या माळा, होल्डर, पंख्याचे कंडेन्सर आणि जगात निर्माण झालेल्या प्रत्येक यंत्राचा रिमोट. मी गेलो त्या दुकानाची रुंदी दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील एवढी होती आणि छतापासून जमिनीपर्यंत, जत्रेत पिपाण्या टांगाव्यात तसे, पिशव्यांत घातलेले शेकडो रिमोट टांगलेले होते. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाने आपला बंद पडलेला रिमोट पुढे केला. दुकानदाराने तो उघडून आतली रबराची गादी अलगद उचलली, प्रत्येक कळीच्या बुडाशी असलेला कार्बनचा काळा ठिपका गिऱ्हाइकाला दाखवला, 'आवाज वाढवा' या कळीखालचा ठिपका झिजून पांढरा पडला होता त्यावर बोट ठेवले, आणि त्या गृहस्थाकडे नजर टाकून एवढेच म्हणाला, "घरात ऐकायला कमी येतं का कुणाला?" ज्योतिषीदेखील पत्रिकेवरून इतके सांगत नाहीत.

माझ्या पुढ्यात त्याने जो नग ठेवला त्याच्यावर सत्तेचाळीस कळा होत्या आणि सर्वांच्या वर एक टपोरी तांबडी कळ होती. सेल घालून त्याने तो आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरला आणि कळ दाबली. नुसत्या डोळ्यांना रिमोटच्या नाकाशी काहीच दिसले नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर तिथे जांभळट ठिणगी लुकलुकली. अवरक्त प्रकाश माणसाला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. घरबसल्या रिमोटची नाडी पाहण्याची ही युक्ती त्या दिवशी मी फुकट शिकलो.

"याच्यात सगळं चालतं काका," तो म्हणाला. "टीव्ही, डबा, डीव्हीडी, होम थिएटर, सगळं."

"आणि एसी?"

"एसीचा वेगळा येतो. त्याचं गणितच वेगळं असतं."

ते गणित मी पुढे समजावून घेतले आणि मला त्या एसीच्या रिमोटविषयी स्वजातीयाचा जिव्हाळा वाटू लागला. टीव्हीचा रिमोट एका वेळी एकच शब्द बोलतो: वाढव, घटव, बदल. एसीचा रिमोट मात्र तुम्ही तापमान एका अंशाने उतरवा की नुसती हवेची दिशा फिरवा, दर खेपेला तापमान किती, पंखा केवढा, झडप कुठे, चालू की बंद, असा सगळा मजकूर पहिल्यापासून पुन्हा लिहून पाठवितो. म्हणून तर त्याच्या छातीवर ती आकडे दाखविणारी पाटी असते. 'उपरोक्त विषयास अनुसरून' या शब्दांनी सुरुवात करून प्रत्येक पत्रात अख्खे प्रकरण नव्याने कथन करणारा असा जातिवंत कारकून कुणाच्या हाताखाली नांदणे शक्यच नव्हते. मी तो विषय सोडला, साडेतीनशे रुपये मोजले आणि घडी घातलेली माहितीपुस्तिका उलगडूनही न पाहता खिशात घातली.

कोणतेही प्रकरण हाती घेतल्यावर त्याचे मागील कागद पाहावेत, या खाक्याने त्या रात्री मी रिमोटची पूर्वपीठिका चाळली. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की, या वंशाचा मूळ पुरुष स्वतःच्या नावातच आपला हेतू कबूल करून बसला आहे. शिकागोच्या झेनिथ कंपनीने १९५० साली जो रिमोट बाजारात आणला त्याचे नाव 'लेझी बोन्स', म्हणजे शुद्ध मराठीत 'ऐदी'. तो एका लांब तारेने टीव्हीला बांधलेला असे, आणि उठण्याचे कष्ट वाचावेत म्हणून घेतलेल्या त्या तारेत पाय अडकून उठलेली माणसे पडत. कंपनीचे सर्वेसर्वा मॅक्डोनाल्ड यांना जाहिरातींचा मनस्वी तिटकारा. त्यांच्या पदरी असलेल्या युजीन पॉली या अभियंत्याने १९५५ साली प्रकाशाचा झोत सोडणारे 'फ्लॅश-मॅटिक' नावाचे पिस्तूल काढले, ज्याने टीव्हीच्या चार कोपऱ्यांतील चार डोळ्यांपैकी एकावर नेम धरून जाहिरातीचे तोंड बंद करता येई. त्यात दोष एवढाच होता की, खिडकीतून ऊन आले तरी वाहिनी बदले. सूर्यनारायणाच्या हाती रिमोट गेल्यावर घरच्या कर्त्या पुरुषाने काय करावे? त्यावर तोड काढली रॉबर्ट ॲडलर या व्हिएन्नात जन्मलेल्या पदार्थवैज्ञानिकाने. १९५६ सालच्या त्याच्या 'स्पेस कमांड'मध्ये ना सेल होते ना तार. आत ॲल्युमिनियमच्या चार दांड्या होत्या, कळ दाबली की एक इवलीशी हातोडी दांडीवर बसे आणि माणसाच्या कानाला न ऐकू येणारा नाद टीव्हीला ऐकू जाई. खिशातली चिल्लर वाजली किंवा कुत्र्याच्या गळ्यातली साखळी किणकिणली तरी हा टीव्ही कधीकधी फसे. आईच्या भजनी मंडळाने एकादशीला त्याच्यासमोर टाळ धरले असते तर बिचाऱ्याने एका अभंगात किती वाहिन्यांची वारी केली असती, या विचाराने मला त्या रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही.

कुलमुखत्याराचीही परंपरा आहेच. ॲपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह वॉझ्नियाक, यांनी १९८७ साली 'कोअर' नावाचा असा रिमोट काढला, जो इतर रिमोटांच्या खुणा स्वतःच शिकून घेई. गुणांनी तो थोर होता. मात्र तो शिकविण्यासाठी घेणाऱ्याच्या अंगीही थोडेबहुत वॉझ्नियाकपण असावे लागे. हे वाक्य मी खरेदीच्या आदल्या रात्री वाचले असते तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखत्याराला सनद देण्याचा विधी सुरू झाला. पुस्तिकेत कंपन्यांच्या नावांपुढे चार-चार आकडी संकेतांक छापले होते, आणि अक्षर इतके बारीक की, सात-बाराच्या जुन्या उताऱ्यांवरची मोडी सही भिंगाशिवाय लावणारा मी, चष्म्यावर भिंग धरून बसलो. आमच्या टीव्हीच्या कंपनीपुढे तेवीस संकेतांक होते. तेवीसही व्यर्थ गेले. तेव्हा 'आपोआप शोध' या सदराखाली दिलेला शेवटचा उपाय उरला: रिमोट टीव्हीकडे रोखून दोन कळा एकदम दाबून धरावयाच्या, म्हणजे तो आपल्या पोटातील सगळे संकेतांक एकामागून एक सोडू लागतो, ज्या क्षणी टीव्ही बंद पडेल त्याच क्षणी कळ सोडावयाची, की तो संकेतांक कायम झाला. क्षण चुकला तर पुन्हा पहिल्यापासून.

हात ताठ करून, डोळे टीव्हीवर खिळवून मी उभा राहिलो. पाच मिनिटे गेली. कुण्या वीरपुरुषाच्या अश्वारूढ पुतळ्यातून घोडा काढून घेतला तर तो जसा दिसेल तसा मी दिसत होतो, असे सौभाग्यवतींनी नंतर सांगितले. आठव्या मिनिटाला दंडाला कळ लागली. अकराव्या मिनिटाला फोडणीचा ठसका आला. मी डोळे मिटून एक सणसणीत शिंक दिली आणि डोळे उघडून पाहतो तो टीव्ही बंद. कळ मात्र अजून दाबलेलीच, आणि मुखत्यार महाशय पुढच्या संकेतांकांवर केव्हाच निघून गेलेले. दुसऱ्या खेपेस सौभाग्यवतींनी गॅस बंद केला आणि आईने "आता!" म्हणून ओरडण्याची जबाबदारी पत्करली, तिने ती इतक्या दक्षतेने पार पाडली की टीव्ही त्याच मुहूर्तावर मुठीत आला.

डबा, साउंडबार आणि डीव्हीडी प्लेअर हे तिघे दुपारपर्यंत शरण आले. काडी आली नाही. तिचा रिमोट प्रकाशाने बोलतच नाही, ब्लूटूथने बोलतो. त्यामुळे आमच्या कांडीने कितीही डोळे वटारले तरी तिच्या गावी नसे. १९४७ नंतर भारतात विलीन होण्याबाबत हैदराबादच्या निजामाने वर्षभर घातला तसा हा घोळ. मी पोलीस कारवाईचा विचार सोडून दिला आणि मालिकांचे संस्थान सौभाग्यवतींच्या स्वतंत्र अंमलाखाली राहू दिले. उरलेल्या चार जुन्या रिमोटांना मात्र, १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर कारभार पुण्यास आणि गादी साताऱ्यास अशी व्यवस्था झाली तशी, सन्मानाने कपाटाच्या खणात नेऊन बसविले.

त्या संध्याकाळी आईने स्वहस्ते तांबडी कळ दाबली आणि टीव्ही, डबा, साउंडबार तिन्ही एकदम जागे झाले. नैवेद्याला शिरा झाला.

घात झाला तिसऱ्या दिवशी. डबा आदल्या रात्री कुणी बंद केला नव्हता, टीव्ही मात्र बंद होता. आईने तांबडी कळ दाबली; टीव्ही चालू झाला आणि डबा बंद झाला. पडद्यावर 'सिग्नल नाही' ही पाटी फिरू लागली. तिने पुन्हा कळ दाबली. डबा चालू झाला आणि टीव्ही बंद झाला. मी दाबली, सौभाग्यवतींनी दाबली, वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी साखर मागावयास आल्या असता सहज म्हणून दाबली. हवामान दाखविणाऱ्या खेळण्यातल्या लाकडी घरातील नवराबायकोसारखे, एक बाहेर आले की दुसरे आत.

कारण शोधू गेलो तेव्हा मला माझी सगळी नोकरी आठवली. रिमोटने एक हुकूम सोडावा यासाठी केवढा सरंजाम असतो! पुष्कळशा यंत्रांत चालू असलेल्या एका पद्धतीचे उदाहरण घ्या. दिवा सेकंदाला अडतीस हजार वेळा लुकलुकण्याच्या गतीने आधी ९ मिलिसेकंदांचा एक लांब लखलखाट करतो, तो 'श्रियासह विराजमान' समजावा, मग ४.५ मिलिसेकंद स्तब्ध राहतो, ती 'विनंती विशेष' नंतरची मोकळी जागा. मग यंत्राचा पत्ता, मग तोच पत्ता उलटा करून, मग हुकूम, मग तोच हुकूम उलटा करून, म्हणजे वाचणाऱ्याने सुलट-उलट ताडून पाहावे आणि अक्षर जुळले नाही तर कागद फेकून द्यावा. हे सगळे सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत. इतकी काटेकोर लेखनशैली मी आयुक्तांच्या कार्यालयातदेखील पाहिली नाही. आणि एवढे करून मजकूर काय, तर तांबड्या कळीचा अर्थ 'चालू हो' असा नसतोच. तो असतो 'आहेस त्याच्या उलट हो'. समोरचा कसा आहे हे रिमोटला ठाऊक नसते. हुकूम पोचला की नाही हे त्याला कळत नाही. आणि त्याला तोंड आहे, कान नाही, म्हणून समोरच्याने ओरडून सांगितले तरी ते कळण्याची सोय नाही. जावक बारनिशी आहे, आवक बारनिशी नाही! आमच्या कचेरीत असा मुखत्यार आला असता तर तलाठ्यांनी तालुका विकून खाल्ला असता.

न्यायाला धरून सांगितले पाहिजे की, आधी 'टीव्ही' अशी बारीक कळ दाबून मग तांबडी दाबली तर हुकूम एकट्या टीव्हीलाच जातो, हे पुस्तिकेच्या अकराव्या पानावर लिहिलेले होते. ते मला तीन आठवड्यांनी सापडले. पण तसे केले की मुखत्याराची अशी समजूत होते की, यापुढचे सगळे बोलणे टीव्हीशीच चालू आहे. मग वाहिनीचा आकडा दाबला तर तोही टीव्हीलाच जातो, आणि ज्याच्याकडे वाहिन्या आहेत तो डबा शेजारी दुर्लक्षित बसून राहतो. त्यावर उपाय, पुन्हा 'डबा' ही कळ दाबणे. आवाजासाठी 'ऑडिओ' ही कळ दाबणे. हे सगळे मी आईला दोनदा समजावून सांगितले. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे पाच रिमोटच की रे. नुसते एका पिशवीत घातलेले." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, अजून नाही.

आईने तांबडी कळ सोडून दुसऱ्या कळीला हात लावणार नाही असे जाहीर केल्यामुळे, एकाला हुकूम पोचावा आणि दुसऱ्याला पोचू नये अशी तजवीज आम्हांला करणे भाग पडले. पहिल्या दिवशी सौभाग्यवती डब्यापुढे पोळपाट आडवा धरून उभ्या राहिल्या आणि मी कळ दाबली. डबा तरीही बंद झाला; तो प्रकाश समोरच्या भिंतीवर आपटून, बाजूने वळसा घालून, पोळपाटाच्या पाठीमागे जाऊन हुकूम देऊन आला. आमच्या खात्यातला एकही शिपाई समन्स बजावण्यासाठी इतका आडवाटेने गेलेला मला आठवत नाही. मग पुरणाचे मोठे पातेले आणून डब्यावर पालथे घातले. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही ही म्हण त्या संध्याकाळी आमच्या घरापुरती खोटी ठरली. डब्याला उजाडल्याचा पत्ता लागला नाही, टीव्ही तेवढा चालू झाला, पातेले उचलले आणि बातम्या लागल्या. त्यानंतर कित्येक दिवस पातेल्याचा मुक्काम टीव्हीशेजारीच होता. एका पाहुणेबाईंनी दारातून ते पाहिले, घरात कुठे गळते आहे का म्हणून विचारले, आणि सौभाग्यवतींनी चेहऱ्याची रेषही न हलविता "हो" म्हणून सांगितले.

संक्रांतीच्या आधी एका संध्याकाळी वीज गेली आणि अर्ध्या तासाने आली. आईने सवयीने तांबडी कळ दाबली आणि तिन्ही यंत्रे, जणू शिऱ्याच्याच दिवशी, एकसाथ उठून उभी राहिली. वीज जाताना कोण जागे होते आणि कोण झोपलेले, हा सगळा पूर्वेतिहास त्या अर्ध्या तासात पुसला गेला होता. वीज आली तेव्हा आमच्याकडची सगळी यंत्रे सारखीच निद्रिस्त होती. दोन महिन्यांचा बिघडलेला ताळेबंद एका अंधाराने जुळवून दिला.

आता वीज दररोज सोयीच्या वेळी जाईल याची शाश्वती नाही. टीव्हीचा बोर्ड कपाटाच्या मागे अशा जागी आहे की तिथे फक्त नातवाचा हात जातो, आणि नातू बंगळूरला. पण दारामागच्या पेटीत दिवाणखान्याचा खटका वेगळा आहे. सौभाग्यवतींनी फ्रिजची फेरी त्याच्यावर नाही याची खात्री करून घेऊन परवानगी दिली. तेव्हापासून, घोळ झाला की मी स्वयंपाकघरातून स्टूल आणतो, ते बोळात पेटीखाली मांडतो, वर चढतो, खटका खाली ओढतो, मनातल्या मनात दहा आकडे मोजतो आणि पुन्हा वर करतो. मग आतल्या खोलीत आई तांबडी कळ दाबते. मधल्या भिंतीमुळे मला टीव्ही दिसत नाही.

दिल्लीला आशियाई खेळ झाले त्या वर्षी, म्हणजे १९८२ साली, आमच्या वाड्यात पहिला टीव्ही आला होता. काळापांढरा, बटणे पिळण्याचा, लाकडी दारांचा. त्याचा अँटेना कौलांवर होता आणि वारा सुटला की तो फिरे, मग मी शिडी लावून वर जाई आणि नळी हातात धरून इकडे-तिकडे वळवीत खाली ओरडे, "आलं का?" खालून आई ओरडे, "नाही... थोडं... आलं, आलं... गेलं!" त्या व्यवहारात एकही सेल लागत नसे.

परवा बातम्यांची वेळ होत आली होती. मी स्टुलावर चढलो, खटका ओढला, दहा मोजले, वर केला आणि भिंतीपलीकडे ओरडलो, "आलं का?"

"थांब!" आतून आई ओरडली. तिने कळ दाबल्याचा आवाज मला येणे शक्य नव्हते. क्षणभर काहीच नाही; मग साउंडबारमधून निवेदिकेचा स्वर घुमला, आणि त्याच्यावर चढलेला आईचा स्वर.

"आलं, आलं! तसाच धर, हलू नकोस!"

खटका सोडून मी खाली उतरलो असतो तरी काही बिघडणार नव्हते. पण मी त्याच्यावरचा हात काढला नाही, आणि मुख्य बातम्या संपेपर्यंत स्टुलावर तसाच उभा राहिलो.